क्लच नसलेली गाडी

"इंजिनच नाही, तर मग एवढं लांब नाक कशाला?" नकाशेवाल्याने फोन आळीपाळीने तिघांच्या डोळ्यांसमोर धरला. "बघा ना. पुढे काय आहे, तर एक मोटर, कलिंगडाएवढी. आणि नाक बघा, संपता संपत नाही. ही डिझाईन नाही, ही थाप आहे."

"थाप कसली? हवा कापायला नको?" टायरवाला म्हणाला.

"हवा कापायला नाक खाली हवं, लांब नको. लांब नाक फक्त दिपवायला. पूर्वी त्यात भलंमोठं इंजिन असायचं. म्हणून लांब नाक दिसलं की माणसाला वाटतं, गाडीत जोर आहे. डोळ्यांना सवय झालीय. त्या सवयीवर धंदा चाललाय यांचा."

"रिकाम्या पेटीला मोठं कुलूप," दातांचा डॉक्टर म्हणाला आणि स्वतःच हसला.

बाई अजून काही बोलल्या नव्हत्या. चहा संपल्याशिवाय वादात उतरायचं नाही, ही त्यांची पद्धत होती. एकदा उतरल्या की कप खाली ठेवायलाही सवड मिळत नसे.

दर रविवारी सकाळी टायरच्या दुकानाचं शटर अर्धवट वर जायचं आणि मागच्या अंगणात ही चौकडी जमायची. बसायला जुने टायर, चहाला टायरवाल्याच्या घरचा थर्मास आणि बोलायला जगातली प्रत्येक अशी गाडी, जी यांच्यापैकी कोणाच्याही दारात कधी उभी राहणार नव्हती. बाजारात तुरी म्हणतात ना, तशातलाच प्रकार. नकाशेवाला एका कचेरीत घरांचे नकाशे काढायचा आणि उरलेल्या कागदांवर गाड्या. दातांचा डॉक्टर आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावायचा आणि रविवारी बॉनेटमध्ये. टायरवाल्याला गाडीचा रस्त्याला टेकलेला भाग सोडून बाकी सगळं उगाच वाटायचं. आणि बाई मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवायच्या. गावातली निम्मी माणसं त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकली होती. दातांचा डॉक्टरही.

स्कूलच्या गाडीत बाईंच्या पायाशी क्लच आणि ब्रेकची दुसरी जोडी होती. स्टिअरिंग नव्हतं. ऐन तारुण्यापासून त्या अशा सीटवर बसत आल्या, जिथून गाडी थांबवता येते पण वळवता येत नाही. त्यामुळे गाडी त्यांना कळायची ती पाठीतून, तळव्यातून आणि कानातून. शिकणाऱ्याचा पाय क्लचवर किती गेला, हे त्या खिडकीबाहेर बघत सांगायच्या.

बाईंनी कप खाली ठेवला.

"नाकाचं सोडा," त्या म्हणाल्या. "खरी गंमत मागे आहे. मागच्या दोन चाकांना दोन वेगळ्या मोटरी. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त जोर, आतल्याला कमी. कोण कोणाला बांधलेलं नाही."

"म्हणजे दोन चाकांत जोर वाटून देणारा डिफरन्शिअल नाही?" टायरवाल्याचा आवाज आतापासूनच चढला होता.

"नाही."

"गिअरबॉक्स?"

"नाही. दातेरी चाकांची एकच जोडी, तीही कायमची जुळलेली."

"आणि क्लच?"

"अहो, क्लच कशाला लागतो? इंजिन आणि चाकं घटकाभर एकमेकांपासून सोडवायची असतात म्हणून. इथे सोडवायचं काय? ही मोटर थांबलेली असतानाही पूर्ण ताकदीने उठते. क्लच इथे बसायला आला तर त्याला कोणी खुर्चीसुद्धा देणार नाही."

"मग चालवायचं काय त्यात? बसायचं आणि न्यायची वाट बघायची?"

"तुम्हाला तेच झोंबतंय!"

"मला टायर झोंबतायत, बाई! त्या बॅटऱ्यांचं वजन बघितलंत? एवढं धूड वळणावर असं फेकलं तर टायर किती दिवस टिकणार? नुसती कागदावरची हुशारी! तुम्ही सांगा, वजनाचं काय?"

"वजन खाली आहे. जमिनीलगत."

"खाली असलं म्हणून हलकं होतं का? माझी बायको खाली बसली म्हणून हलकी होत नाही!"

असा तो वाद अकरापर्यंत चालला. त्यात बाई जिंकल्या, असं बाईंचं मत होतं. टायरवाल्याने कधी कोणाचं 'बरोबर' म्हटल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं, आणि बाई दर रविवारी येत त्या बऱ्याच अंशी त्यासाठीच. घरी त्यांच्याशी भांडायला फक्त धाकटी बहीण होती आणि तिला गाडीची चार चाकं मोजण्यापलीकडे त्या विषयात रस नव्हता.

निघताना डॉक्टरने बातमी फोडली. तीच गाडी त्याच्या मेहुण्याने घेतली होती. पुढच्या रविवारी सकाळी डॉक्टर स्वतः ती इथे घेऊन येणार होता.

"पहिली फेरी बाईंची," डॉक्टर म्हणाला. "शिकवलं त्यांनी मला."

आठवडाभर बाईंनी त्या गाडीबद्दल मिळेल ते वाचून काढलं. बहिणीलाही जेवताना वाचून दाखवलं. बहीण म्हणाली, "ताई, परीक्षा तुझी आहे की गाडीची?"

*

गाडी आली तेव्हा आवाजच नव्हता. अंगणाच्या फाटकातून काळं, बुटकं, चकचकीत असं काहीतरी आत सरकलं आणि थांबलं. नकाशेवाला तिच्याभोवती फिरू लागला, वाकून, मान तिरकी करून. टायरवाला थेट चाकापाशी उकिडवा बसला आणि टायरवरची अक्षरं वाचू लागला.

बाई आत बसल्या. सीट इतकी खाली होती की त्यांना डॉक्टरचा खांदा धरावा लागला. त्या बसल्या ती जागा त्यांचीच होती, चालवणाऱ्याच्या शेजारची. पट्टा लावला, पाठ टेकवली, पाय पुढे केले.

वस्तीतून बाहेर पडेपर्यंत गाडी मुकाट चालली. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर डॉक्टरने स्टिअरिंगवरचं एक बटण दाबलं. बाई तेव्हा बाहेर बघत होत्या. त्यांना ते दिसलं नाही, किंवा दिसलं पण लक्षात राहिलं नाही. नंतर त्यांनी पुष्कळ आठवून पाहिलं, तरी यातलं कोणतं खरं हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

एकदम गाडी गुरगुरली. खालून, मागून, पाठीतून जुन्या, जोरदार इंजिनाचा आवाज आला. वेग वाढला, आवाज चढत गेला, चढत गेला आणि आता गिअर बदलायला हवा असं जिथे वाटतं नेमका तिथे तुटला. मानेला झटका बसला, आवाज खाली आला आणि पुन्हा चढू लागला. पुढच्या वेळी झटका आणखी जोरात बसला, आणि त्यात मध्येच काहीतरी कुरकुरलं.

बाईंचा डावा पाय आपोआप पुढे गेला आणि जमिनीवर घट्ट दाबला गेला.

"अर्धा दाबतोयस," त्या म्हणाल्या. "क्लच पूर्ण दाब. एवढ्या वर्षांत तुझी ही सवय गेली नाही का? दुसऱ्या गिअरला नेहमीच घाई तुझी."

डॉक्टरने त्यांच्याकडे बघितलं. मग पुन्हा रस्त्याकडे.

"बाई?"

"समोर बघ. आणि दाब."

"बाई, यात क्लच नाहीये."

बाईंनी पायाखाली बघितलं. तिथे मऊ करडी चटई होती आणि त्यांच्या टाचेखाली तिची घडी पडली होती.

"माहितेय मला," त्या म्हणाल्या.

परतीच्या रस्त्यावर डॉक्टरने ते बटण बंद केलं आणि गाडी पुन्हा मुकी झाली. कोणी काही बोललं नाही.

अंगणात आल्यावर मात्र त्याला राहवलं नाही. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला फक्त गंमत सांगायची होती. या गाडीत खोट्या गिअरची सोय आहे, जुन्या गाडीची मजा हवी असणाऱ्यांसाठी, असं तो सांगू लागला. बटण दाबलं की स्पीकरमधून इंजिनाचा आवाज येतो, आणि प्रत्येक बदलाला मोटरचा जोर पापणी लवेपर्यंत तोडतात, म्हणजे झटका बसतो. थोडी कुरकुरही घातलीय, खरं वाटावं म्हणून. "आणि बाई मला म्हणतात, क्लच पूर्ण दाब!"

टायरवाला सगळ्यात मोठ्याने हसला. "काय बाई! मागच्या रविवारी क्लचला खुर्चीसुद्धा देत नव्हतात, आणि आज त्याला पायाखाली शोधताय!"

बाईही हसल्या असत्या. पण हसण्याऐवजी त्यांच्या तोंडून प्रश्न गेला, आणि तो अगदी मनापासून विचारलेला होता.

"पण झटका बसला ना?"

"बसला," डॉक्टर म्हणाला.

"आवाज आला ना? कुरकुरला ना गिअर?"

"आवाज आला. पण गिअर नाही ना बाई. गिअरच नाही, तर कुरकुरेल काय?"

"जे कुरकुरलं ते," बाई म्हणाल्या. "झटका खरा होता. माझ्या मानेला बसलाय. मग माझं चुकलं कुठे?"

नकाशेवाला म्हणाला, चूक गाडीचीच आहे, फसवण्यासाठीच बनवलीय आणि तिने फसवलं, म्हणजे तिचं काम चोख. डॉक्टर म्हणाला, हो, पण बाईंना तर आधीपासून माहीत होतं ना. बाई म्हणाल्या, माहीत होतंच. "मग?" डॉक्टरने विचारलं. "मग काय?" बाईंनी विचारलं. आणि वाद या 'मग'पाशी येऊन अडला.

टायरवाल्याचं हसणं विरलं. त्याने बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग थर्मास उघडला आणि न विचारता त्यांच्या कपात चहा ओतला.

*

दुपारी डॉक्टरने बाईंच्या बहिणीला फोन केला. काळजीपोटीच. शितावरून भाताची परीक्षा करायची सवय शिकलेल्या माणसांनाही असते, आणि काळजी करणाऱ्यांना तर जास्तच.

संध्याकाळी बहीण कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "ताई, आज वार कोणता ग?"

"रविवार."

"हं." एक टॉवेल झाला. "आणि काल आपल्याकडे कोण आलं होतं?"

"कोणी आलं नव्हतं. तू काय विचारतेयस?"

"सहज."

"सहज माणूस भाजीचा भाव विचारतो. वार नाही विचारत."

बहीण घडी घालायची थांबली. तिचे डोळे आधीच भरले होते. "आईचं असंच सुरू झालं होतं, ताई. चप्पल घालून निघाली होती शाळेत. केव्हाची सोडलेली शाळा. आपण तेव्हा हसलो होतो."

हे खरं होतं. त्या हसल्या होत्या. आई दारात उभी होती, पर्स काखेत, आणि म्हणाली होती, पहिला तास माझा आहे. नंतर तिला सांगितलं तेव्हा तीसुद्धा म्हणाली होती, माहितेय मला. बाईंना आज गाडीतलं स्वतःचं वाक्य आठवलं. त्या घाबरल्या. बहिणीला त्यांनी तसं दाखवलं नाही, उलट तिच्यावरच डाफरल्या, आणि त्यामुळे बहिणीला ते बरोबर कळलं.

दोन दिवसांनी दोघी मेंदूच्या डॉक्टरकडे गेल्या. त्याने बाईंना घड्याळ काढायला सांगितलं, आकडे उलटे म्हणायला लावले, पाच शब्द सांगितले आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते परत विचारले. बाईंनी सगळं केलं. गाडीची गोष्टही नीट पहिल्यापासून सांगितली. तो ऐकता ऐकता गोंधळला.

"म्हणजे गाडीत गिअर नव्हता?"

"नव्हता."

"पण तुम्हाला जाणवला."

"जाणवायलाच ठेवलाय तो."

"मग तुम्हाला जाणवला हे ठीकच आहे."

"पण मी क्लच म्हणाले. क्लच जाणवायला ठेवलेला नाही. तो मी मनाने आणला."

त्याने पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. शेवटी म्हणाला, "आत्ता तरी काही दिसत नाही. पण काहीच नाही असंही म्हणता येत नाही. सहा महिन्यांनी या."

"म्हणजे पास की नापास?"

"असं नसतं हो त्यात."

जन्मभर लोकांना परीक्षेला बसवलेल्या बाईंना हे उत्तर मुळीच पटलं नाही. रस्त्याने येताना त्या बहिणीला म्हणाल्या, आमच्याकडचा लायसन्सचा परीक्षक असं बोलला तर लोक त्याला गाडीतून खाली उतरवतील. बहीण हसली, पण बाईंचा हात तिने काही सोडला नाही.

*

दुसऱ्या दिवशी शिंप्याचा धडा होता. हा शिंपी उतारवयात शिकायला आलेला. त्याचा पाय शिवणयंत्राच्या पायडलवर घडलेला, त्यामुळे तो क्लच दाबायचा तेही टिपा घातल्यासारखा, थोडा थोडा. माणूस गोड होता. चुकलं की गाडीची माफी मागायचा.

चढावर त्याने दुसरा गिअर टाकला आणि कर्रकन आवाज आला.

बाईंचं वाक्य तोंडाशी आलं आणि तिथेच अडलं. आवाज आला का? आला. म्हणजे आला असं वाटलं. गेल्या रविवारीही असंच वाटलं होतं. त्यांनी खाली बघितलं. क्लच होता, काळा, झिजलेला, त्यांच्याच बुटाखाली. हात लावून बघावा असं त्यांना वाटलं, आणि या वाटण्याचीच त्यांना लाज वाटली.

"बाई, आवाज आला का हो?" शिंप्याने विचारलं.

"तुम्हाला आला?"

"मला आला. तुम्हाला नाही आला?"

"मलाही आला," बाई म्हणाल्या, आणि त्यांना एकदम मोकळं वाटलं. "दोघांना आला म्हणजे खरा."

"म्हणजे?" शिंपी बिचारा बावरला. "खोटापण असतो का?"

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. दातांच्या डॉक्टरने आणलेल्या गाडीतही आवाज दोघांनी ऐकला होता. म्हणजे दोघांनी ऐकला हाही काही पुरावा नव्हे. मग पुरावा कोणता? गाडी खोलून बघायची? दर धड्याला? त्या विचार करत राहिल्या. चढ संपला, चौक आला, आणि शिंप्याने स्वतःच्या अकलेने ब्रेक दाबला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आज त्यांचा पाय ब्रेककडे गेलाच नव्हता.

"चांगलं थांबवलंत," त्या म्हणाल्या.

"तुम्ही नाही दाबलात?"

"नाही. तुम्ही एकट्याने थांबवली."

शिंपी आनंदाने एवढा फुलला, की त्याने पुन्हा एकदा गाडीची माफी मागितली. बाईंनी त्याचं कौतुक केलं, आणि उरलेला धडा दोन्ही पाय पेडलांवर ताठ धरून बसल्या. घरी गेल्यावर पोटऱ्या दुखत होत्या.

*

रविवारी जावं की नाही, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. न जाणं म्हणजे कबूल करणं. शिवाय त्यांना टायरवाल्याशी भांडायचं होतं. फार भांडायचं होतं. त्यांनी मुद्दे जमवले होते. खोटा गिअर ही चूक की करामत, नाक लांब ठेवणं आणि आवाज खोटा ठेवणं ही एकच थाप की दोन वेगळ्या, अशा सगळ्या बाजूंनी त्यांनी विचार केला होता. टायरवाला काय म्हणेल तेही त्यांना पाठ होतं. तो म्हणेल, 'टायर कधी खोटा असतो का? म्हणून टायर हीच खरी गाडी.' मग त्या म्हणतील, 'टायर तर फसवण्यात सगळ्यांचा बाप, वरून धडधाकट आणि आतून गेलेला.' मग तो तडकेल. हे डोक्यात चालू असताना त्यांना इतकं बरं वाटत होतं, की बहिणीने वार विचारला तेव्हा त्यांनी न चिडता सांगितला.

अंगणात तिघे आधीच आले होते. बाई फाटकातून आत आल्या तसं बोलणं थांबलं आणि जरा जास्तच मोठ्या आवाजात पुन्हा सुरू झालं.

"या बाई, या," नकाशेवाला उठला. "इथे बसा. हा टायर स्थिर आहे."

बाई बसल्या. चहा प्यायल्या. कप ठेवला. आणि म्हणाल्या, "मी विचार केलाय. त्या गाडीचं लांब नाक आणि तो खोटा गिअर ही एकच थाप आहे. एक डोळ्याला मारलेली आणि एक कानाला."

"अगदी बरोबर," नकाशेवाला म्हणाला.

बाई थांबल्या. नकाशेवाल्याने नाकाच्या बाबतीत इतक्या लवकर कधी मान डोलावली नव्हती.

"पण मला वाटतं," त्यांनी मुद्दाम उलट बाजू घेतली, "यात वाईट काही नाही. माणसाला फसायचंच असतं. नाक छानच आहे."

"तेही खरं आहे," नकाशेवाला म्हणाला.

"तुमचं म्हणणं पटतं बाई," डॉक्टर म्हणाला. तो त्यांच्याशी रोग्याशी बोलावं तसा बोलत होता, अजिबात दुखणार नाही असं सांगताना बोलतात तसं. "तुम्हाला बरं वाटू दे फक्त."

"मला बरंच आहे."

"हो हो. बरंच आहे."

बाईंनी टायरवाल्याकडे बघितलं. तो एका टायरच्या खाचेत अडकलेला खडा अंगठ्याने काढत होता. त्याने मान वर केली नाही. हा माणूस बोलेल, त्यांना वाटलं. हा नाही सोडणार. याला नुसतं डिवचायला हवं.

"टायरवाले, एक सांगते. तुम्ही इतकी वर्षं लोकांना उगाच फसवलंत. ओल्या रस्त्याला टायरवर नक्षी नकोच. गुळगुळीत टायर बरा. पुरा झिजलेला. जितका गुळगुळीत, तितकी पावसात पकड जास्त."

त्या बोलून थांबल्या. इतकं धडधडीत चूक त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या. शिंप्यानेही हे ऐकून कपाळाला हात लावला असता. ओल्या रस्त्यावर गुळगुळीत टायर म्हणजे साबणावर पाय, आणि हे त्या कोणाला सांगत होत्या, तर ज्याने उभा जन्म लोकांना झिजलेले टायर फेकायला लावण्यात घालवला, त्याला. एकदा कोणीतरी याच अंगणात याच्या निम्मं चूक बोललं होतं, तेव्हा टायरवाल्याने त्याला हाताला धरून फाटकाबाहेर नेलं होतं.

टायरवाल्याचा अंगठा खाचेत थांबला. त्याच्या मानेची शीर फुगली. तोंड उघडलं. बाई पुढे झुकल्या. ये, त्या मनात म्हणत होत्या, ये आता, फाड मला.

टायरवाल्याने डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टरने हळूच मान हलवली.

"बरोबर आहे बाई," टायरवाला म्हणाला.

"काय बरोबर आहे?"

"तुम्ही म्हणता ते. गुळगुळीत बरा."

ते वाक्य बोलायला त्याला किती जड गेलं, हे बाईंना स्पष्ट दिसलं. त्याचे कान लाल झाले होते. एवढ्या वर्षांत त्याने जे कोणालाही दिलं नव्हतं, ते आज त्याने त्यांच्यासाठी काढून दिलं होतं, आणि बाईंना ते नको होतं. त्यांना त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याच्याबद्दल मायाही वाटली.

फाटकाबाहेरून एक गाडी गेली. तिचा गिअर बदलला. चौघांनीही तो ऐकला.

"टायरवाले," बाई म्हणाल्या, "भांडा ना हो माझ्याशी."

"भांडू की बाई," टायरवाला लगेच म्हणाला, अगदी मऊ आवाजात. "तुम्ही म्हणाल तेव्हा भांडू."

आणि त्याने थर्मास उघडून बाईंच्या कपात बेताचा चहा ओतला, आणि तो त्यांच्या दोन्ही हातांत नीट धरवून दिला.